माईंच्या गोधड्या आणि अच्युतरावांचे स्पीकर

मंडळी, एक सांगा. नाम तेच, टाळ तेच, बुवाही तोच. मग एकाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि शेजारचा जांभई देतो, असं का? खोट कुणात? बुवात म्हणू नका, बुवा समोरच उभा आहे!

ऐका तर. बार्शीत अच्युतराव म्हणून एक गृहस्थ. त्यांची आई, माई, वर्षापूर्वी गेली. मागे राहिले वडील, म्हणजे दादा, आणि एक कॅसेट. तिच्यात नातीच्या बारशाला माईंनी म्हटलेला पाळणा! दादांनी एवढंच मागितलं, की वर्षश्राद्धाच्या आधी तिचा आवाज एकदा ऐकव.

अच्युतराव हौशी! हॉल नवा करून घेतला. चकचकीत फरशी, खिडक्यांना नुसत्या काचा, भिंती मोकळ्या. माईंनी शिवलेल्या गोधड्या? अडगळ — गेल्या माळ्यावर! कोपऱ्यांत दोन उंच स्पीकर, अगदी जय-विजय!

कॅसेट लागली. आवाज मोठा, पण विहिरीत कुणी गावं तसा घुमतोय, शब्दावर शब्द चढतोय. दादांनी मान हलवली, ही ती नव्हे म्हणाले. मग अच्युतरावांनी काय केलं? आपण करतो तेच — आवाज वाढवला! अ‍ॅम्प्लिफायर बदलला, जाड वायरी आणल्या. घुमणं तेवढं वाढलं.

शेवटी दादा हळूच म्हणाले, "अच्युता, यंत्राला दोष देऊ नकोस. मीच तिचा आवाज विसरलो असेन."

अच्युतरावांच्या काळजात चर्र झालं हो! आई घरातून गेली होती, आता दादांच्या मनातूनही निघाली!

श्राद्धाचा आदला दिवस. थंडी कडाक्याची, पाहुणे मुक्कामाला येणार. सुनीतीनं, म्हणजे सूनबाईंनी, माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या. काही फरशीवर अंथरल्या, काही खिडक्यांवर टांगल्या. कोपऱ्यांत चळत रचायची म्हणून स्पीकर पुढे ओढले. अच्युतरावांनी उदास मनानं कॅसेट पुन्हा लावली.

आणि मंडळी, घुमणं गेलं! शब्द सुटे झाले. ओळीआधीचा श्वास ऐकू आला, पाळण्याला झोका देताना वाजलेल्या बांगड्या ऐकू आल्या! दादा काठी विसरून आतल्या खोलीतून बाहेर आले.

"बांगड्या ऐकल्यास? तीच ही. मी विसरलो नव्हतो रे."

आणि पुढची ओळ माईंबरोबर दादांनीच म्हटली, खड्या आवाजात! अच्युतराव फरशीवर बसून रडले, आनंदानं रडले.

स्पीकर तेच, कॅसेट तीच! बदलली ती खोली. उघड्या भिंती आवाज परत फेकत होत्या, गोधड्यांनी तो पोटात घेतला. त्या गोधड्या माईंच्याच जुन्या लुगड्यांच्या, बरं का!

आता तुमच्याकडे येतो. संध्याकाळी माईक लावला तेव्हा हे सभागृह रिकामं होतं, माझाच आवाज माझ्या अंगावर येत होता. तुम्ही येऊन बसलात, तो गोड झाला. मग घरी गेल्यावर काय होतं? बायको एक शब्द बोलते, आपण तो तसाच परत फेकतो! देवाचं नाव कानाशी येतं, आपण आपलंच घुमवत बसतो! अहो, मनात एक गोधडी अंथरा. समोरच्याचं थोडं पोटात घ्या. मग त्याचा श्वाससुद्धा ऐकू येईल.

उचला टाळ! पण शेजारच्याचा आवाज ऐकू येईल, इतक्याच जोरात म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!