एका भाकरीवर बसलेले लोक

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि माझे बालमित्र सुंदरराव, कचेरीचं काम बाजूला सारून आलेले प्रमुख पाहुणे तहसीलदार जलालुद्दीन साहेब, ज्यांच्या शब्दाशिवाय आमच्या समाजातलं पान हलत नाही असे वडीलधारे आप्पा, सरकारी मदरशातले माझे बरोबरीचे मुदर्रिस मास्तर, पडद्याआड बसलेल्या सुंदररावांच्या घरच्या केसरबाई आणि सर्व मायबहिणी, आणि भिंतीवर, पायरीवर, जागा मिळेल तिथं बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

सुंदररावांनी आत्ता माझे इतके गुण सांगितले की क्षणभर मला शंका आली, ही सभा माझ्या बदलीची आहे की तेराव्याची? मित्र म्हणून त्यांनी वाढवून सांगितलं, तुम्ही व्यापारी म्हणून थोडं कमी करून घ्या. उद्या सकाळी माझी बैलांची दमणी सेलूच्या स्टेशनाकडे निघेल आणि तिथून मी हैदराबादेस जाईन. तिथं मला कुणी ओळखत नाही.

आता तुम्ही सगळे कशाची वाट पाहताय ते मी जाणतो. उगाच ताटकळत ठेवत नाही. काल संध्याकाळी आप्पा स्वतः काठी टेकत माझ्या दारात आले. म्हणाले, "मास्तर, लई दिस झाले आता. उद्या भाषणात येक वाक्य बोला. तिकडं जे खाणं झालं ते चुकून झालं, येवढंच. पंचगव्य न्हाई, दंड न्हाई. तुमची पत्रावळ बबनच्या शेजारी मांडलेली हाय." बबनराव म्हणजे माझा धाकटा भाऊ. समोरच बसलाय. आप्पांना एवढं चालत यायचा त्रास होतो, तरी ते आले. त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. ते वाक्य बोलायचं की नाही, हे मला या भाषणात ठरवायचं आहे. रात्रभर ठरलं नाही.

तेव्हा जरा दमानं घेतो. माझ्या मुलांना माहीत आहे, शनिवारच्या शेवटच्या तासाला मी एक इंग्रजी शब्द घेऊन त्याचं कूळ काढायचो. आज शेवटचाच तास आहे. आजचा शब्द 'कंपॅनियन', म्हणजे सोबती.

हा शब्द मला शाळेत कळला नाही. जर्मन लढाईच्या दिवसांत मी सोलापुरात कारकुनी करत होतो आणि इंग्रजी येतं म्हणून मजूर पलटणीबरोबर फ्रान्सला गेलो. मार्सेल्स बंदरावरच्या एका गोदामात माझी नेमणूक होती. आपल्या लोकांची छावणी आणि स्वयंपाक दूर होता, डबा गाडीनं यायचा. एकदा बर्फ पडलं आणि गाडी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. गोदामावर एक म्हातारा फ्रेंच पहारेकरी होता. त्यानं पाव छातीशी धरला, सुरीनं खालच्या बाजूला क्रूस ओढला, तुकडा कापला आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, "कोपँ." मी घेतला. खाल्ला. पोटात भूक असताना धर्माचा विचार करायचा असतो हे पोथीत ठीक आहे.

त्याच्या टेबलाशी बंदरातले आणखी हमाल बसायचे. 'कोपँ' म्हणजे काय, हे मी विचारलं. एक इटालियन होता, पाद्री व्हायला निघालेला आणि शिपाई झालेला. त्यानं टेबलावरच्या कोळशाच्या धुळीत बोटानं लिहून दाखवलं. जुन्या लॅटिनीत 'कुम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकर. ज्याच्याबरोबर भाकर खायची तो सोबती. फ्रेंचात चांगल्या बोलीत तो 'कोंपान्यों', घरच्या बोलीत 'कोपँ'. इटालियनात 'कंपान्यो'. स्पेनचा हमाल म्हणाला, आमच्यात 'कंपान्येरो'. पोर्तुगीज म्हणाला, आमच्यात 'कंपान्येइरो'. आपण ज्याला पाव म्हणतो तोही पोर्तुगीजांकडूनच आला, त्याच 'पानिस'च्या घराण्यातला. आणि तो पोटात गेला की आपल्याकडे माणूस बाटतो.

तिथं एक जर्मन कैदीही कामाला होता. तो लांबूनच म्हणाला, आमच्यात 'कुंपान' आहे, पण तो पिण्यातला आणि उनाडक्यांतला जोडीदार. सगळे हसले. म्हाताऱ्याचा मुलगा जर्मनांशी लढताना गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. म्हातारा हसला नाही. त्यानं एक तुकडा कापला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. त्या कैद्याच्या हातात दिला नाही, पण ठेवला. कैदी आला आणि बसला. पुढं कोशात पाहिलं तेव्हा कळलं की जर्मनांच्या फार जुन्या एका भाऊबंद बोलीतही सोबत्याला 'बरोबर भाकर खाणारा' असाच शब्द होता.

इंग्रजांचं काय, असं तहसीलदार साहेब विचारतील. त्यांचा 'लॉर्ड' म्हणजे मुळात भाकर राखणारा आणि 'लेडी' म्हणजे पीठ मळणारी. मळणारीला पुढं मळावं लागलं नाही, ती गोष्ट वेगळी. आणि 'कंपनी'? तोच शब्द. एका भाकरीवर बसलेले लोक. कंपनी सरकार कुणाच्या भाकरीवर बसलं ते या सभेत सांगायला नको. हे माझं खाजगी मत आहे, साहेबांनी कानाआड करावं.

आपल्याकडे कोणता शब्द आहे? 'सोबत' तर साहेबांच्या घरची, सोहबत. 'संगत' आपली, बरोबर चालण्यातून आलेली. बरोबर खाण्यातून आलेला शब्द मी पुष्कळ शोधला, मला सापडला नाही. आपल्यात कुणी कुणाबरोबर बसायचं हे जन्माच्या आधीच ठरलेलं असतं, मग शब्द हवा कशाला?

मी परत आलो तेव्हा माझी रतनबाई मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली होती. पत्र मला वाटेत चुकलं. दार उघडलं तर चुलीत राख होती. नंतर आठवड्याभरात बबनच्या मुलीच्या लग्नाची पंगत. आप्पांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिकडं कुणाच्या हातचं खाल्लं का रं?" इथून गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला होता, प्रत्येकानं "न्हाई जी" म्हटलं होतं आणि प्रत्येकजण पोटभर जेवला होता. आप्पांनाही तेच उत्तर हवं होतं. मी "हो" म्हणालो. खरं बोलावं असं माझ्या मनात नव्हतं. रतन गेल्यापासून मला खोटं सुचतच नव्हतं.

तेव्हापासून मी एकटा जेवतो. तुम्ही मला मान दिलात, मुलं शिकायला पाठवलीत, पोळ्याला, दसऱ्याला शिधा दिलात. शिधा पुष्कळ आला. पण शिधा माणसाला स्वतःच शिजवावा लागतो आणि भिंतीकडे तोंड करून खावा लागतो. एकटं जेवताना माणूस लवकर जेवतो, हे माझ्या लक्षात आलं. चव कळायच्या आत संपतं.

एक माणूस मात्र रोज यायचा. बाजारपेठेत नान-रोट्या भाजणारे नानबाई युसूफभाई. भट्टी विझवून ते माझ्या ओट्यावर येऊन बसायचे, दाराकडे पाठ करून, आणि मी जेवेपर्यंत बोलत राहायचे. पिठाचं, पावसाचं, त्यांच्या घरच्या अजमतबीच्या गुडघ्यांचं. मी एकदा विचारलं, आत का बघत नाही? ते म्हणाले, "कोई ये ना बोले के मेरी नजर पडी तुमारे खाने पे. और मास्टरसाब, मेरे घर कू बुलाता नै मैं तुमकू. एक बार खाए तो तुमारे लोगां फिर नै लेते." माझी परत जायची वाट बंद होऊ नये म्हणून त्या माणसानं मला कधी जेवायला बोलावलं नाही.

आप्पा, आता तुमचं वाक्य. मला ते बोलता येत नाही. त्या टेबलावरच्यांपैकी किती जगले, मला माहीत नाही. त्यांनी मला बोलावलं आणि मी बसलो, यात चुकून काही झालं नाही. मी ते नाकारलं तर त्यांच्या बाजूनं बोलायला या गावात दुसरं कुणी नाही.

बबन, ती पत्रावळ उचलून घे. वर बघ. तू माझ्यासाठी आप्पांचे पाय धरलेस, ते मला कळलं आहे. तुझ्या शेजारी बसायला मी तरसलो होतो रे. रागावू नकोस असं म्हणायचा मला हक्क राहिला नाही.

अध्यक्षांचे, तहसीलदार साहेबांचे, आप्पांचे आणि ज्यांनी हा मंडप घातला त्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, आनंदाच्या प्रसंगी मी तुमचा जीव कष्टी केला असेल, तर आपला म्हणून पोटात घाला. मंडळी भुकेली आहेत, पंगत खोळंबू नये.

युसूफभाई, तुम्ही फाटकाशी उभे आहात, मला दिसताय. मी आता इथून उतरून तुमच्या घराकडे चालायला लागतो. नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण एवढ्या लोकांसमोर विचारतो. आज तुमच्या ताटात मला जेवू घालाल का?