पुढच्या सीटवर कोण बसणार?

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आपले मिस्त्री, त्यांच्या सौभाग्यवती, आणि दाराशी उभं राहून घड्याळ बघणारे माझे सहकारी,

ताजी बातमी आधी देतो. फिरत्या दवाखान्याच्या गाडीला आज सकाळी नव्या ब्रेक-डिस्क बसल्या. खात्री ड्रायव्हरबाईंनी केली आहे. माझ्या शब्दावर कुणी विसंबू नये. का, ते सांगतो.

मी खरेदी अधिकारी. मागच्या वेळीही डिस्क मीच निवडल्या होत्या. कॅटलॉगात फोटो होता: चकचकीत, अंगभर भोकं, शर्यतीच्या गाडीला शोभतील अशा. आपली गाडी ओढ्यातून, चिखलातून, खाणीच्या उतारावरून जाते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण फोटो फारच देखणा होता.

मिस्त्रींनी डिस्क उजेडाकडे धरली. "साहेब, एवढी भोकं कशाला?"

"हवा खेळायला."

"आणि चिखल बाहेर थांबेल?"

"तुम्ही बसवा हो!" इतकं ठाम वाक्य मी नोकरीत दुसरं उच्चारलेलं नाही.

मिस्त्रींचा नियम आपल्याला माहीत आहे. ज्याने ब्रेकचं सामान निवडलं, तो पहिल्या उताराला पुढच्या सीटवर बसणार. नेमकी त्या दिवशी माझी कंबर धरली. (हसतंय कोण? आमची सौ. आहे. या गाडीवर नर्स तीच.) माझ्या जागी मिस्त्री बसले. मागे, औषधांच्या पेट्यांसोबत, माझी बायको.

ओढा ओलांडून उतार लागला आणि पेडल थरथरायला लागलं. मिस्त्रींनी ड्रायव्हरबाईंना पहिला गिअर टाकायला लावला आणि गाडी इंचाइंचाने खाली आली. चाक उघडलं, तर भोकाभोकात चिखल-वाळू गच्च, पॅड खरवडून निघालेले. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "साहेब, कंबर कशी आहे?"

या वेळी डिस्क साध्या, जाड, बिनभोकाच्या, गाडीच्या मूळ मापाच्या आहेत. मिस्त्रींना विचारायला गेलो, तर म्हणाले, "आता तुमचं तुम्ही ठरवा." ठरवलं.

मिस्त्री, आमच्या घरी आजही दोन ताटं मांडली जातात. आभार यापलीकडे कसे मानू?

बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं. उतार घालणार नाही. उद्या सकाळी सातला गाडी निघेल. सौ. मागे, पुढच्या सीटवर मी. मिस्त्री उद्यापासून निवृत्त, तरी फाटकाशी येणार आहेत असं कळतं.

मिस्त्री, कंबर ठीक आहे.