बाटलीवरचं डावं-उजवं

...आणि वर म्हणतात कसे, गोलकीपरला काम काय, नुसतं उभं राहायचं. तुम्हाला सांगतो, सोळा वर्षं उभा होतो मी, तीन बोटं वाकडी झाली, अजून शर्टाची बटणं बायको लावून देते, आणि पदरात काय पडलं? गोल वाचला तर खांबाची कृपा, गेला तर आमचं नाव. नव्वद मिनिटं जीव तोडून अडवा, शेवटी एक निसटला की सासरे जेवताना विचारणार, "जावईबापू, तो कसा हो सुटला?" आता मी घास गिळू का उत्तर देऊ?

म्हणून म्हटलं, कोच होऊ, आता दुसऱ्यांनी उड्या माराव्यात. मुलींच्या संघात लागलो, गोलकीपरला शिकवायला. तर मुख्य कोच पहिल्याच दिवशी म्हणतो, "गोलकीपरला वेगळा कोच कशाला? फायनल हरलो तर तुम्ही घरी." घ्या. म्हणजे गोल खायचा तिने, नोकरी जायची माझी.

आणि दोन वर्षांनी फायनल गेली ना पेनल्टीवर. मी आधीच समोरच्यांचे सगळे सामने बघून, कोण कुठे मारते ते आमच्या पोरीच्या पाण्याच्या बाटलीवर लिहून ठेवलेलं. सात नंबर डावीकडे, नऊ नंबर उजवीकडे... झकास काम. पोरीने बाटली वाचली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. अहो, मी सामने बघितले मारणारीच्या पाठीमागून, लिहिलं तिचं डावं, आणि आमची उभी तिच्याकडे तोंड करून. सगळंच्या सगळं उलटं. सोळा वर्षं गोलमध्ये काढलेला माणूस मी... ओरडलो तर कोण ऐकतंय त्या गोंगाटात? मुख्य कोच विचारतोय, "घाम का फुटला हो?" म्हटलं, "ऊन आहे." आभाळ भरून आलेलं.

शिट्टी वाजली, मी डोळे गच्च मिटले, कल्ला झाला, उघडून बघतो तर बॉल तिच्या हातात. दुसरी, तीपण अडवली. तिसरी खांबाला लागली, त्याची कृपा असतेच. जिंकलो की हो आम्ही. धावत गेलो, म्हटलं, "अगं, बाटलीवर तर उलटं लिहिलं होतं."

ती शांतपणे हातमोजे काढत म्हणते, "सर, दोन वर्षं तुम्ही समोर उभे राहून 'डावीकडे' ओरडता आणि हात माझ्या उजवीकडे दाखवता. सवय झालीय."

नोकरी राहिली. मुख्य कोचने ती बाटली ट्रॉफीशेजारी काचेच्या कपाटात ठेवलीय, येईल त्याला सांगतो, "हिच्यामुळे जिंकलो." म्हणजे बघा, आधी खांब, आता बाटली. माझं नाव? निघालं ना, गेल्या रविवारी एक गोल गेला तेव्हा.