वीस मीटर जाड केबल

माझं गाव विट्याच्या पुढं, रस्त्याकडंलाच. वडील मोटार रिवायंडिंगचं काम करायचे, विहिरीवरची मोटार जळली की बैलगाडीत घालून लोक आमच्या दारात आणून टाकायचे, आणि ती जळकी तांब्याची तार उचकटून काढायचं काम माझं. बोटं काळी व्हायची, शाळेत मास्तर म्हणायचे हात धुऊन ये रं, पण ते काळं काय धुऊन जायचं न्हाई. पुढं मी टीव्हीची दुरुस्ती शिकलो, मग अँटेना, मग डिश, मग कॅमेरे, म्हंजे जे जे नवीन आलं त्याच्या वायरी मी वढल्या. आता वय बावन्न हाय. सगळा जन्म वायरीत गेला म्हणा की.

आमच्या भागात निम्म्या घरातला माणूस गलाईत. गलाई म्हंजे सोनं गाळायचं, शुद्ध करायचं. कोण मदुराईला, कोण कटकला, कोण पार नेपाळच्या हद्दीला. तिकडं दहा बाय दहाच्या खोलीत भट्टीपुढं जन्म काढत्यात, आणि इकडं गावाला बंगला बांधत्यात. जत्रेला आठ दिवस, दिवाळीला चार दिवस, बाकी वर्षभर कुलूप. आता नवीन टूम अशी निघाली की बंगल्यात पिच्चरची खोली पायजे, प्रोजेक्टर, मोठा पडदा, मऊ खुर्च्या. एकानं केलं की दुसऱ्याला पायजेच. त्या खोल्यांनी मला चांगलं जगवलं, खोटं कशाला बोलू.

आता सलीमचं सांगतो, त्याच्यासाठीच तुमाला लिहायला बसवलंय. सलीम पीओपीवाला, छताचं काम करतो, आमच्याच आळीतला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ल्हान. बंगल्यात त्याचं छत आणि माझी वायर, दोघं एकाच शिडीवर. त्याच्या घरचा शिरखुर्मा मी खाल्लाय, माझ्या पोरीच्या लग्नातला मांडवाचा दरवाजा त्यानं केलता. छताचा एक एक स्क्रू दोरीत असायचा त्याचा. मी म्हणायचो, अरं वर कोण बघायला जातंय? तो म्हणायचा, मी बघितलंय न्हवं.

आनंदराव शेठच्या बंगल्याचं काम आमी दोघांनी घेतलं. शेठ कोइमतूरला असतात, माणूस वाईट न्हाई. खोलीत यंत्रांचं कपाट एका भिंतीला आणि प्रोजेक्टर मागं छताला, मधली वाट मी टेपनं मोजली, भिंतीनं वर, छतातनं वळसा घेऊन, अठरा मीटर भरली. म्हंजे वीसची केबल पायजे. आता काय सांगू तुमाला, इथंच सगळं हाय. साधी तांब्याची केबल सात-आठ मीटरपर्यंत चित्र नीट नेती, पुढं चित्र दमतं. नवीन प्रोजेक्टरचं चित्र लय बारीक, लय भारी, ते वीस मीटर तांब्यातनं जात न्हाई. त्याला फायबरची केबल लागती, आत काचेचा केसासारखा धागा, त्यातनं उजेड जातो. दिसायला किडमिडी, बुटाच्या नाडीएवढी. जाड तांब्याची आणि ही बारकी, मी दोन्ही केबली शेठपुढं ठेवल्या.

शेठनं एक या हातात घेतली, एक त्या हातात घेतली, आणि तोलली. डोळे मिटून तोलली बघा, जशी ते भट्टीवर सोन्याची लगड तोलतात तशी. म्हणाले, ही बारकी महाग कशी? हिच्यात तर मालच न्हाई. आमच्या धंद्यात ज्याला वजन त्याला मोल. जाड टाक. मी म्हणालो, शेठ, लांब पल्ल्याला बारकीच बरी पडती. ते म्हणाले, वायरवाल्या, माल मला शिकवतोस व्हय? सगळे हसले, मीबी हसलो. आणि जाड टाकली. एकदाच बोललो, दुसऱ्यांदा बोललो न्हाई. दुसऱ्यांदा बोलायचं माझं काम होतं. आणि पाइपातनं न्यायची सोडून नुसती पट्ट्यांनी बांधली, कारण जाड केबल पाइपात वळंना, म्हंजे बदलायची झाली तर छतच फोडायला लागणार. जोडून चित्रबी बघितलं न्हाई, प्रोजेक्टर यायचा होता. सलीमनं वरनं छत बंद केलं.

वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं झाल्यावर पावण्यांना पिच्चर दाखवायचा होता. शेठचे वडील, तात्या, पुढच्या खुर्चीत. सकाळी माणसं पूजेत होती तवा मी एकटा खोलीत, चालू करून बघितलं, तर चित्र येतंय आणि काळं होतंय, दोन मिनिटं चालतंय की परत काळं. मग मी यंत्रात चित्राची ताकद कमी करून बघितली, जुन्या टीव्हीएवढी, तर एकदाबी डोळा मिटला न्हाई प्रोजेक्टरनं. म्हंजे केबल धड होती. कुठं दाबली न्हाई, तुटली न्हाई, नुसती तिच्या आवाक्याभायेरचं काम तिला सांगितलेलं. हे मला तवाच कळलं. हे लिहा, मला तवाच कळलं होतं.

मग मी ताकद तशीच कमी ठेवणार होतो, कुणाला कळलं नसतं. पण शेठ आले, म्हणाले दुकानात दाखवलं होतं तसलं चित्र लाव, आणि पन्नास माणसांपुढं ते काळं झालं. तात्या म्हणाले, लाइट गेली का रं? कोणतरी म्हणालं, शेठ, तुमचा पडदा लाजतोय. शेठचं तोंड उतरलं, माझ्याकडं वळून म्हणाले, काय झालं? आणि मी म्हणालो, वर स्क्रूखाली दाबली असंल.

एवढंच. सलीम दारातच उभा होता, नवा सदरा घालून, जेवायला आलेला. शेठ त्याला काय काय बोलले ते मी सांगत न्हाई, माझ्या तोंडानं परत नको. सलीमनं माझ्याकडं बघितलं. शिडी आणली, सदरा काढून ठेवला आणि पावण्यांच्या देखत आपलंच छत आपल्या हातानं फोडलं. केबल भायेर आली, तिच्यावर ओरखडा न्हाई. मी म्हणालो, आतनं दाबली असंल. मग दुकानातनं फायबरची आणली, त्याच संध्याकाळी टाकली, चित्र असं आलं की तात्यांनी टाळी वाजवली. झालं. केबल बदलली आणि चाललं, म्हंजे पहिली सलीमनंच बिघडवली, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. माझ्या खोट्याला त्या चांगल्या केबलीनं साक्ष दिली.

ह्या गलाईवाल्यांचं कसं असतं, एक मदुराईत, एक कटकात, पण फोनवर सगळे एका कट्ट्यावर. सलीमला बंगल्याचं काम येईना. तीन वर्षं तो कराडला, इस्लामपूरला दुसऱ्याच्या हाताखाली रोजानं जात होता. पहाटेच्या एसटीला थैली घेऊन उभा दिसायचा, मी गाडी दुसऱ्या गल्लीनं घालायचो. बायको म्हणाली, अवं, तुमी त्या चौकातनं जायचं का सोडलंय? मग तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली, म्हणाली, मला सांगून काय उपेग?

सलीमच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, ताकद कमी करून बघितली तेबी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, गड्या, माझे स्क्रू मला ठाऊक हायत, मला नवीन काय सांगितलंस? ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांग. चहा दिला, पण स्वतः घेतला न्हाई.

शेठला फोन लावला. शेठ म्हणाले, आता चालतंय न्हवं? म्हणालो, चालतंय. ते म्हणाले, मग झालं की, कशाला उकरतोस. मी म्हणालो, शेठ, तुमी लोकांस्नी सलीमचं सांगितलंय, आता माझं सांगा. म्हणाले बघू, आणि भट्टीवर हाय म्हणून फोन ठेवला.

तवापासनं मीच सांगतो. कुठल्याबी बंगल्याचं काम आलं की आधी हे सांगतो, चूक माझी होती, सलीमची न्हवती, मग वायरीचं बोलतो. काही जण हसत्यात. काही जण म्हणत्यात, बरं, कळवतो, आणि कळवत न्हाईत. गेल्या महिन्यात खानापूरकडच्या एका शेठनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, मग छताला त्यालाच बोलवतो, नंबर दे, वायरीला मात्र दुसरा बघतो, राग मानू नको. मी नंबर दिला. राग कसला मानायचा, माणूस बरोबर बोलला.

आता तिथं सलीमचं छत चाललंय. वायरीला सांगलीचा कोणतरी हाय. काल त्याचा नंबर मिळवून मी फोन केला, म्हणालो, दादा, ती वाट लांब हाय, फायबरचीच टाका, पाइपातनं टाका, आणि छत बंद व्हायच्या आधी चित्र लावून त्या पीओपीवाल्याला दाखवा. तो म्हणाला, तुमी कोण? मी नाव सांगितलं. हां, ते तुमी व्हय, बरं, म्हणाला आणि फोन ठेवला. माझं नाव तिकडंबी पोचलेलं दिसतंय. पोचू द्या. केबल तेवढी नीट पडू दे.