ओरखडा की भेग

डोळ्यांच्या दवाखान्यात एक बसचालक आपल्या नंबराची वाट बघत होता. शेजारच्या बाकावर पोलाद कारखान्यातले निवृत्त साहेब आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बाई यांची बऱ्याच वर्षांनी गाठ पडली होती.

"बाई, तुम्हाला मोतीबिंदू? ज्यांनी आम्हा सगळ्यांना आंधळं ठरवलं, त्या डोळ्यांना?"

"तसं नव्हतं हो, साहेब. तुम्ही म्हणालात, पोलादाच्या त्या नमुन्याच्या तुकड्यावर दिसतोय तो पॉलिशचा ओरखडा आहे."

"सगळेच म्हणाले. सात लाख वेळा वाकवूनही तुकडा तुटला नव्हता ना!"

"मी तो आडवा धरून पुन्हा घासला. ओरखडा असता तर गेला असता. ही भेग होती, पोलादातल्या मऊ कणांतून सरकत आलेली."

"पण मधले कठीण कण तिला अडवतात ना?"

"बारीक आणि विखुरलेले असते तर अडवलं असतं. वळणं घेऊन घेऊन दमली असती बिचारी. इथे ते एका रांगेत चिकटून बसलेले. तिला आयता रस्ताच मिळाला."

"अख्खा माल परत वितळवला. तो पास केल्याची माझी सही झाली होती, बाई."

"कशाचा होता हो तो? विसरलेच मी."

"बसच्या चाकांचा."

दार उघडलं. "नंबर नऊ, या आत."

"माझ्या आधी या बाईंना घ्या," चालक म्हणाला. "आणि डॉक्टरांना सांगा, जरा जपून."