वाळेपर्यंत

धाकटी : हलव अजून. चांदीचा रंग तळाशी बसलेला असतो, वर नुसतं पाणी. अशी काय हलवतेस, आईच्या औषधाची बाटली आहे का ती?

थोरली : दुसरं काय हलवलंय मी आजवर? घे, झालं.

धाकटी : आतली गोळी वाजू दे नीट. आणि पंख्यासमोरून बाजूला हो, तुझ्या कपड्यांचे धागे उडतात. या रंगाखाली एक केस जरी अडकला ना ताई, तर दोरखंडासारखा दिसतो.

थोरली : एवढ्याशा बाहुलीला केवढा तो थाट. अंगठ्याएवढी तर आहे.

धाकटी : मिनिएचर. किती वर्षं ऐकतेयस, अजून बाहुलीच. घोडेस्वार सरदार आहे हा. टेबलावर फौजा मांडून लोक लढाई खेळतात, त्यातला.

थोरली : मोठी माणसं खेळतात?

धाकटी : चांगली टक्कल पडलेली. तुझ्या घड्याळवाल्यासारखी. त्याला विचार, एखादी फौज घेतो का.

थोरली : त्याला नको मध्ये आणूस. संध्याकाळी तुझा तो रंगांचा दुकानदार नक्की येणार ना न्यायला?

धाकटी : तासाभरात येईल. सगळ्या रंगवणाऱ्यांची खोकी गाडीत घालून थेट या फौजा बनवणाऱ्या कंपनीत नेतोय. तिथे हातात घेऊन, भिंगाखाली धरून बघणार. पसंत पडलं की त्यांच्या रंगशाळेत नोकरी, वर राहायला खोली.

थोरली : आणि नाही पडलं तर मी जाणार.

धाकटी : हो गं बाई, किती वेळा घोकशील. नाही पडलं तर तू त्या घड्याळवाल्याशी लग्न कर आणि सुखाने नांद, मी आईपाशी राहते. पडलं तर मी जाते आणि दोन वर्षांनी येऊन तुला सोडवते. एक जाणार, एक राहणार. शब्द दिलाय ना मी?

थोरली : दिलायस. तोही थांबतो म्हणालाय दोन वर्षं. त्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांना रंग कुठला द्यायचा, ते विचारत होता परवा.

धाकटी : राखाडी सांग. तुम्हा दोघांच्या केसांना शोभेल.

आई : (आतल्या खोलीतून) कसला वास येतोय गं? डोकं चढलं माझं.

थोरली : रंगाचा आहे, आई. खिडकी उघडलीय मी. पंधरा मिनिटं कळ काढ.

आई : छकुलीचं चाललंय का? मग असू दे.

धाकटी : बघितलंस? माझा असला की वासही चालतो.

थोरली : बघतेय.

धाकटी : आता बोलू नकोस. चार बोटं लांबून, एअरब्रशने पातळ फवारा मारायचा. घाई केली की ओघळ येतो आणि मग सरदार रडल्यासारखा दिसतो. खालचा काळा रंग आरशासारखा गुळगुळीत हवा, म्हणून तीन दिवस घासत बसले होते. तुला वाटलं रिकामटेकडी आहे.

थोरली : मी कुठे काही म्हटलं?

धाकटी : म्हणत नाहीस, नुसतं तोंड पाडून फिरतेस. त्यापेक्षा म्हणत जा. हं, आता बघ. छातीवर बघ, चिलखतावर.

थोरली : अगं, खिडकी दिसतेय त्यात.

धाकटी : दिसणारच.

थोरली : नव्या कोऱ्या चमच्यासारखं झालंय.

धाकटी : चमचा. झेप गेली ती स्वयंपाकघरापर्यंत. पण काम झालंय, ताई. याला कोणी नाही म्हणूच शकत नाही. मी गेल्यातच जमा आहे.

थोरली : छान झालंय खरंच. मी त्याला निरोप देते, दोन वर्षं थांब म्हणून.

धाकटी : नको देऊस.

थोरली : का?

धाकटी : उगाच म्हाताऱ्याला आशेला लावू नकोस. खरं सांगू का? मी परत येणार नाहीये.

थोरली : दोन वर्षांनी?

धाकटी : दोन नाही, चार नाही. तिथली माणसं कुठल्या कुठे जातात, आणि मी इथे येऊन आईचं हगणं-मुतणं काढू? या हातांनी? तू पिच्छाच सोडत नव्हतीस, म्हणून हो म्हटलं होतं.

थोरली : शब्द दिला होतास. आईच्या पायाला हात लावून.

धाकटी : तिच्या पायांना कुठे काय कळतं आता? हे बघ, रागावू नकोस. तुला सवय झालीय. तुला दुसरं काय येतं? लग्न करून तिथे तरी काय करणार, त्याचंही तेच काढणार ना थोड्या वर्षांनी? मग निदान आपल्या आईचं काढ.

थोरली : मग त्याला काय सांगू मी?

धाकटी : चावी संपली म्हणून सांग. घड्याळवाला आहे, समजेल त्याला.

थोरली : बरं.

धाकटी : रडतेस की काय?

थोरली : नाही. पुढे काय करायचंय याचं?

धाकटी : वार्निश. नुसत्या चांदीला बोट लागलं की ती निघते, आणि ते सगळे हाताळणार. एअरब्रश धुतलाय मी, पण माझे हातमोजे बरबटलेत. तू ओत कपात. लाल टोपणाची घे, चकचकीत. निळी मॅटची आहे, चमक मारणारी, ती घोड्याच्या झुलीला मारली होती. दोन्ही दुधासारख्या दिसतात, तेव्हा टोपण बघून ओत. वाचता येतं ना अजून?

थोरली : येतं.

धाकटी : काठोकाठ नको. झालं?

थोरली : ओतलं. मार आता.

धाकटी : हा शेवटचा हात. असं. आणि असं, मानेखालून. बघ काय लखलखतंय.

थोरली : बघतेय.

धाकटी : तिथे गेल्यावर पहिलं हे मास्क फेकणार आणि नवं घेणार. पडदेही घेईन खोलीला. तू कधी आलीस तर दाखवीन. पण तू कुठली येतेस म्हणा. वाळेपर्यंत खोकं आण ते, आणि कापूस. … ताई, दिवा लाव जरा.

थोरली : लावलाय.

धाकटी : मग असं का दिसतंय? खांद्यावर बघ. धुकं बसल्यासारखं. हवा दमट आहे का आज?

थोरली : हवा कोरडी आहे.

धाकटी : छातीवरही येतंय. खिडकी दिसत नाहीये. ताई, कुठली ओतलीस?

थोरली : निळ्या टोपणाची.

धाकटी : ती मॅट आहे.

थोरली : माहितीये. गेल्या वर्षी तुझे धनुर्धारी असेच गेले होते ना? ओले होते तोवर चमकत होते, आणि वाळले तसे पत्र्यासारखे झाले. रात्रभर रडत होतीस. डोकं मीच मांडीवर घेतलं होतं.

धाकटी : तू घाबरलीस, हात चुकला तुझा. चुकून झालं म्हण.

थोरली : चुकून नाही. टोपण बघून ओतलं.

धाकटी : हे आता निघत नाही गं. सगळं खरवडून काढायचं, परत काळा हात द्यायचा, तो रात्रभर वाळवायचा. गाडी आत्ता येईल. ताई, माझं सगळं संपलं.

थोरली : हो.

धाकटी : हलकट आहेस तू. कुजकी. त्याला सगळं सांगेन मी, कसली बाई करतोयस म्हणून.

थोरली : सांग. मीही सांगणारच आहे त्याला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढंही वाटत नाहीये. बारा वर्षं मी या घरात हाक मारली की हजर होते. तू चावी संपली म्हणालीस तेव्हा हसत होतीस, मास्कमधूनही दिसलं मला.

धाकटी : मी नाही राहणार इथे. बघ तू. पाळणार नाही मी शब्द.

थोरली : नको पाळूस. मी निघाल्यावर हवं तर तूही कुलूप लावून नीघ, तुझीही आई आहे. माझी पिशवी भरलेली आहे. दुकानदाराची गाडी घड्याळाच्या दुकानावरूनच जाते, आणि तुझ्या खोक्यासाठी जागा ठेवलीय त्याने मागे. तिथे मी बसेन.

धाकटी : ताई, थांब ना. आजचा दिवस तरी. मी चुकले, बोलून गेले काहीतरी. मला काहीच माहीत नाही गं आईचं.

आई : ताई, कुशीवर वळव गं मला. पाठीची आग होतेय.

थोरली : छकुली येतेय, आई. कसं वळवायचं ते तिला सांग, तिने कधी केलेलं नाही.