राणीच्या हातात झाडू

आधी हे ऐका, चहा काय पळून जात नाही. नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये पाटी लावली, ‘कामवाल्यांनी जिना वापरावा.’ आमच्याकडे काम करणाऱ्या मंदाताई गुडघे धरत पाचव्या मजल्यावर यायला लागल्या. माझं डोकंच फिरलं. एका परदेशी म्युझियमच्या साइटवरून कुठल्याशा राणीचं जुनं चित्र फुकट डाउनलोड केलं, मोबाइलवरच तिच्या हातात झाडू दिला आणि प्रिंट काढून त्या पाटीवरच चिकटवली.

सेक्रेटरी तणतणत आले. “कोणाच्या परवानगीने?”

“परवानगी कसली? त्या म्युझियमने चित्रांचा अख्खा खजिना जगाला खुला केलाय. तुम्हाला एक लिफ्ट जड झाली?”

तेवढ्यात मंदाताई आल्या, सरळ लिफ्टमध्ये शिरल्या, पाचचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, “साहेब, येताय का वर?”